पाहुणीची उत्तरं

आमच्या घरी परदेशी पाहुणी उतरली ती माझ्या इंग्रजीमुळे नव्हे, आत्याच्या खुब्यामुळे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे कित्येक वर्षं आमच्या शाळेत ही गोष्ट उलटी सांगितली जायची. अण्णांची थोरली बहीण, आमची आत्या, मोरीत घसरून पडली होती आणि तिला उकिडवं बसता येत नव्हतं. म्हणून अण्णांनी कारखान्यातल्या वेल्डरकडून लोखंडी पाइपांची एक खुर्ची करून घेतली, तिच्या मधोमध भोक ठेवलं, वर झाकण बसवलं आणि ती संडासात मांडली. अंबरनाथ पश्चिमेला आमच्या इमारतीत संडास घराच्या आत असणं हीच मोठी गोष्ट, त्यात खुर्ची! शेजारपाजारचे लोक ती बघायला यायचे. त्या वर्षी गावातल्या एका सेवाभावी क्लबनं फिनलंडहून आलेल्या काही तरुण मुलामुलींना घरोघर चार दिवस ठेवायचं ठरवलं. क्लबचे एक गृहस्थ आमच्या नववीच्या वर्गावर आले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, "कमोड कुणाकडे आहे?" मी हात वर केला. प्रश्न मराठीत होता, म्हणून उत्तर लगेच आलं.

आमची शाळा मराठी माध्यमाची, मुलींची. इंग्रजी पाचवीपासून. ते शिकवायच्या गायकवाड बाई. कडक इस्त्रीची सुती साडी, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, फळ्यावरचं अक्षर छापल्यासारखं. बाई धड्यातली ओळ वाचायच्या, लगेच तिचा अर्थ सांगायच्या, आणि आम्ही दोन्ही एका दमात म्हणायचो. 'देअर वॉज अ फार्मर, एक शेतकरी होता.' पहिलं वर्षभर मला ते एकच लांबलचक वाक्य वाटायचं. धड्याखालच्या प्रश्नाचं उत्तर धड्यात कुठं आहे ते शोधायचं, पेन्सिलनं कंसात धरायचं आणि पाठ करायचं. मला इंग्रजीत सगळ्यात जास्त मार्क पडायचे ते याच कामावर. माझे कंस सरळ असायचे आणि मी ते रोज संध्याकाळी क्रमानं म्हणून काढायचे. शेवटच्या बाकावर हिरा बसायची. ती बदलापूरच्या पुढच्या एका पाड्यावरून यायची, घरात चूल पेटायच्या आधी निघायची. सगळ्या वर्गानं मिळून म्हणायची वेळ आली की हिरा फक्त ओठ हलवायची. मी एकदा तिच्या शेजारी बसले होते, आवाज अजिबात नाही. मधल्या सुट्टीच्या आधीचा तास बाईंचा असायचा आणि त्यांच्या पिशवीतल्या डब्यातून कोथिंबीरवडीचा वास येऊ लागला की शेतकऱ्याचं पुढे काय झालं यात कुणालाच रस राहायचा नाही.

पण बाई जाणार होत्या. त्याच वर्षी स्टेशनजवळ दोन गाळे भाड्यानं घेऊन एक इंग्रजी माध्यमाची शाळा निघाली होती. सकाळी शटर वर गेलं की शाळा भरायची, दुपारी शटर खाली आलं की सुटायची, आणि तरी लोक मुलींना आमच्याकडून काढून तिकडे घालत होते. पाचवीची दुसरी तुकडी भरली नाही तर ती बंद होणार होती. तुकडी बंद झाली की एक शिक्षक जास्तीचा ठरणार, आणि नोकरीत शेवटी लागलेल्या गायकवाड बाईच असल्यामुळे त्यांना जिल्ह्यात कुठंही, अगदी लांब डोंगरातल्या जव्हारलासुद्धा पाठवू शकत होते. बाईंच्या घरी अंथरुणाला खिळलेले सासरे होते, त्यांना सोडून बाई जाणार कशा? आणि मी तर पुढच्या वर्षी दहावीला! शाळेच्या संस्थेचे चिटणीस बाईंना वर्गाच्या दारातच म्हणाले, "बाई, ती पाहुणी येतेय ना, तिला स्टेजवर आणा. आपल्या मुली इंग्रजी बोलतात हे पालकांना दिसलं पाहिजे. मग बघू तुकडीचं."

बाईंनी रात्रीत एक संवाद लिहिला. बाई माझ्याहून नीटनेटक्या, हे मी सहज कबूल करते. त्यांनी माझे प्रश्न लिहिले, आणि ऐन वेळी गडबड नको म्हणून पाहुणीची उत्तरंही लिहिली. मी दोन्ही पाठ केली, कारण तिचं उत्तर कुठं संपतं हे कळल्याशिवाय माझा पुढचा प्रश्न सुरू कसा होणार? उत्तरं आमच्या पाठ्यपुस्तकातून घेतली होती, म्हणजे त्यात चूक निघायचा प्रश्न नव्हता. तिचे वडील शेतकरी होते. तिला दोन भाऊ होते. ती पहाटे उठून देवाची प्रार्थना करायची आणि एक पेला दूध प्यायची.

"पण बाई," मी विचारलं, "तिचे वडील शेतकरी नसले तर?"

"सुषमा, तू प्रश्न विचार. उत्तराचं मी बघितलंय."

मग त्यांनी सुवाच्य अक्षरात पाहुणीसाठी वेगळी प्रत काढली आणि ती आल्याबरोबर तिच्या हातात द्यायला मला सांगितलं.

पाहुणी आली त्या संध्याकाळी आमच्या दोन खोल्यांत उभं राहायला जागा नव्हती. उल्हासनगर कॅम्प चारच्या लाजवंतीभाभी खास आल्या होत्या. त्यांचं साड्यांचं दुकान होतं आणि आई त्यांच्यासाठी साड्यांना फॉल लावून द्यायची. पाहुण्यापुढे आधी पापड आणि पाणी आलंच पाहिजे हा त्यांचा सिंधी नेम, म्हणून पापड त्या घरूनच भाजून घेऊन आल्या. आम्ही सगळे एखाद्या भारदस्त नावाची तयारी करून बसलो होतो. मुलगी उंचच उंच, पाठीवर पोतडी, केस पांढुरके. तिनं छातीवर हात ठेवून सांगितलं, "अनू."

"अनू?" आत्या पलंगावरून म्हणाली. "म्हणजे अनसूया का अनुराधा?"

"अरे, ये तो मेरी ननद की बेटी का नाम है!" लाजवंतीभाभींनी तिच्या हातात पापड दिला. "खा बेटा, खा. घर का है."

अनूनं पापड मोडला, त्याचा आवाज ऐकून स्वतःच दचकली आणि हसली. मी पुढे झाले. पाठ केलेलं स्वागताचं वाक्य म्हटलं. तिनं त्यावर काहीतरी विचारलं. ते संवादात नव्हतं. मी तिच्या हातात प्रत दिली आणि पाणी आणायला आत गेले. पाणी तिच्यासमोरच होतं.

पुढचे दोन दिवस मी घरातली एकमेव इंग्रजी जाणणारी, आणि घरातली एकमेव गप्प. अनूशी बोलायचं तर मी आधी मनात वाक्य जुळवायचे, कर्ता, क्रियापद, काळ, मग ते एकदा तपासायचे, आणि ते तयार होईपर्यंत आईनं तिला तिसरी भाकरी वाढलेली असायची. आईला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, त्यामुळे तिची काहीच अडचण झाली नाही. ती सरळ मराठीत बोलायची. आत्या तेच मोठ्यानं बोलायची, कारण तिच्या मते पोरीला कमी ऐकू येत होतं. अनू ओट्याशेजारी पाटावर बसून लसूण सोलायची आणि इंग्रजीत उत्तरं द्यायची. ते इंग्रजी ऐकून मी हादरले होते. कुठं क्रियापदच नाही, कुठं भूतकाळाच्या जागी वर्तमान. मी मनातल्या मनात अर्धा-अर्धा मार्क कापत होते आणि दुपारपर्यंत माझ्या हिशेबानं ती नापास झाली होती.

"धिस व्हॉट?" तिनं कढईकडे बोट दाखवून विचारलं.

"सुकट आहे गं ती," आई म्हणाली. "वास येतो, पण चव बघ."

अनूनं चव घेतली. डोळ्यांत पाणी आलं, पण हात पुन्हा कढईकडेच. "ॲट माय होम ऑल्सो. फिश. ड्राय." मग तिनं हातांनी मासे दोरीवर टांगून दाखवले.

आईचा चेहरा उजळला. "ऐकलंत का वन्सं? त्यांच्याकडेपण सुकं मासळं असतं. चांगल्या घरातली आहे पोरगी."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते. अनू पायरीवर बसून बाईंची प्रत वाचत होती. एकदम तिनं मान वर केली.

"सुषमा. व्हाय आय हॅव टू ब्रदर्स?"

मी गडबडले. "बाई राइट," मी म्हणाले.

हे माझं आयुष्यातलं पहिलं न जुळवलेलं इंग्रजी वाक्य. दोन शब्दांचं, आणि त्यातला एक मराठी. तरी अनूला ते पूर्ण कळलं. ती इतकी हसली की खालच्या मजल्यावरच्यांनी वर बघितलं. मग म्हणाली, "यू टॉक. आय वेट," आणि खरंच वाट बघत बसली. माझं वाक्य अर्ध्यात अडकलं तरी ती घाई करेना. त्या संध्याकाळी मी तिला, हातवारे धरून, विचारलं की तू एवढ्या चुका करतेस, तुझ्या बाई तुला काही म्हणत नाहीत का?

तिनं सांगितलं ते मला जसं कळलं तसं लिहिते. त्यांच्या देशाची भाषा जगात दुसरं कुणी शिकत नाही, म्हणून शाळेत सगळ्यांना बाहेरची भाषा शिकावीच लागते. टीव्हीवर परदेशी कार्यक्रम लागतो तो मूळ आवाजातच, खाली त्यांच्या भाषेत अक्षरं येतात. त्यामुळे पोरं सहज कानानं इंग्रजी शिकतात आणि डोळ्यांनी स्वतःची भाषा भराभर वाचायला शिकतात. आणि तिच्या पहिल्या इंग्रजीच्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात वर्गात टेबलावर दुकान मांडलं होतं. सफरचंदं, पेन्सिली, साबण. ज्यानं कसंही, कितीही चुकत मागितलं त्याला सफरचंद मिळालं. "इफ यू सायलेंट," अनू दोन्ही हात रिकामे करून म्हणाली, "नो ॲपल."

त्यानंतर इतक्या वर्षांत मी या विषयावर बरंच वाचलं आहे. याद्या करायची सवय असल्यामुळे त्या देशांत इंग्रजी चांगलं का शिकवतात याच्या कारणांचीही एक यादी माझ्याजवळ आहे. वर्गातली मुलं कमी, शिक्षकाला मोकळीक, टीव्हीचं ते वर सांगितलंच. आता चिखलोलीच्या आमच्या नव्या सोसायटीत लहान मुलं लिफ्टमध्ये इंग्रजीतच भांडतात, म्हणजे आपलंही काही अगदीच वाईट चाललेलं नाही. पण यादीत सगळ्यात वर मी अजूनही सफरचंदच ठेवलं आहे.

गॅलरीतल्या त्या गप्पांच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंना हे सगळं मोठ्या उत्साहानं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सफरचंदाचा भाव माहितीये का तुला?" त्या म्हणाल्या. "आणि एवढ्या मुली आहेत वर्गात. तिला उत्तरं पाठ झालीत का, ते सांग."

"तुम्हीच विचारा ना बाई. ती खाली ऑफिसशेजारीच बसलीय."

"मला वेळ नाही," बाई म्हणाल्या आणि आधीच स्वच्छ असलेला फळा पुसायला लागल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की चार दिवसांत बाई अनूशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. सगळे निरोप माझ्याकडून. प्रवास बरा झाला का, विचार. पाणी उकळून देता ना, विचार. इतकी वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईंना मराठी न येणारं माणूस पहिल्यांदाच भेटत होतं.

कार्यक्रमाला सभागृह गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत चिटणीस, मागे पालक, आणि बाजूच्या बाकावर आई, आत्या, लाजवंतीभाभी. अनू आईची हिरवी साडी नेसली होती. ती साडी तिच्या घोट्याच्या बरीच वर संपत होती. पडद्याआड बाई हातात कागद धरून उभ्या होत्या. मी तुकडीचा विचार करत होते, जव्हारचा करत होते, आणि पहिला प्रश्न विचारला.

"व्हॉट इज युवर नेम?"

"माय नेम इज अनू." टाळ्या.

"व्हॉट इज युवर फादर?"

"माय फादर इज..." अनू थांबली. तिचे वडील बस चालवायचे, हे आता मला माहीत होतं. उत्तर पाठ करायचं असतं हा प्रकारच तिला नवा होता. आदल्या रात्री आईपुढे बसून ती घोकत होती, पण एवढे लोक बघून सगळं उडून गेलं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं. खरं सांगायलाही ती घाबरली असावी, कारण बाईंनी शेतकरी लिहिला होता आणि तिला बाईंना दुखवायचं नव्हतं.

"अ फार्मर," मी कुजबुजले.

माइक आमच्या दोघींच्या मधोमध होता. माझी कुजबुज सभागृहाच्या शेवटच्या भिंतीपर्यंत गेली.

"अ फार्मर!" अनू सुटल्यासारखी म्हणाली.

पुढचा प्रश्न. अनू पुन्हा गप्प. "आय हॅव टू ब्रदर्स," मी कुजबुजले. "आय हॅव टू ब्रदर्स," अनू म्हणाली. मग तिला भीड राहिली नाही. मी प्रश्न विचारला की ती वाट बघायची, मी उत्तर सांगितलं की ती ते म्हणायची. मीच विचारत होते, मीच सांगत होते, आणि मधे एक उंच गोरी मुलगी मान डोलावत होती. सगळं संपलं आता, जव्हार नक्की, असं मला वाटलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणा मुलीच्या आईचा आवाज आला.

"अगं बया! गोरीला येत नाहीये, आपली पोरगी शिकवतेय तिला!"

सभागृह उठलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आत्या शेजारणीला सांगत होती, "आमच्याच घरची. दोघीही." चिटणिसांनी माइक हातात घेतला आणि जाहीर केलं की आज मराठी शाळेनं युरोपला इंग्रजी शिकवलं. अनूला वाटलं टाळ्या तिच्यासाठी आहेत, म्हणून तिनंही वाकून नमस्कार केला. पाचवीचे प्रवेशअर्ज त्याच संध्याकाळी ऑफिसात मागितले जाऊ लागले. पुढच्या आठवड्यात दुसरी तुकडी भरली, आणि शटरच्या शाळेतून काही मुली परत आल्या. बाई कुठंच जाणार नव्हत्या. मी पडद्याआड धावत गेले, तर बाई खुर्चीवर बसलेल्या, बटाटेवड्याची बशी न शिवता बाजूला ठेवलेली.

"बाई, झालं ना हो!"

"झालं," बाई म्हणाल्या. "माझंच इंग्रजी होतं गं सगळं. दोन्ही बाजूंनी." आणि त्यांनी कागदाची नीट घडी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबची मेटाडोर अनूला न्यायला आमच्या इमारतीखाली आली. आईनं सुकट कागदात, मग पिशवीत, मग आणखी एका पिशवीत बांधून दिली होती. लाजवंतीभाभींचे पापड वेगळे. अनू पोतडी चढवत होती तेवढ्यात रस्त्याच्या टोकाकडून बाई येताना दिसल्या, शाळेची वेळ नसताना, हातात डबा घेऊन. त्या अनूसमोर येऊन उभ्या राहिल्या. डबा पुढे केला. तोंड उघडलं, मिटलं. त्यांची नजर सवयीनं माझ्याकडे वळली, आणि मी पुढे होणार तोच मागून आईनं माझी वेणी धरली.

"गप," आई हळूच म्हणाली. "बोलू दे त्यांना."

मेटाडोरचं इंजिन चालू होतं. बाईंच्या कपाळावर घाम होता. त्या मनात वाक्य जुळवत होत्या, कर्ता, क्रियापद, काळ, हे मला इतकं ओळखीचं होतं की मीही श्वास धरून उभी राहिले. अनू वाट बघत होती. तिला ते छान जमायचं.

"यू," बाई म्हणाल्या. "यू ईट?"

"येस!" अनू म्हणाली. "टू मच. अँड यू?"

या प्रश्नाचं उत्तर बाईंनी कुठं लिहून ठेवलं नव्हतं.

"नॉट येट," बाई म्हणाल्या, आणि अशा हसल्या की मी त्यांना वर्गात तसं हसताना कधी बघितलं नव्हतं. अनूनं डबा उघडला, एक कोथिंबीरवडी स्वतः घेतली आणि दुसरी बाईंच्या पुढे धरली. भर रस्त्यात, सगळ्यांदेखत, बाईंनी ती खाल्ली.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला बाईंनी पुस्तक उघडलं, परत मिटलं आणि पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं, "व्हॉट डिड यू ईट?" मुलगी उभी राहून पुस्तकात शोधायला लागली. "पुस्तकात नाहीये ते," बाई म्हणाल्या. "तू काय खाल्लंस, ते सांग." तिनं पुस्तक मिटलं. मग ती म्हणाली, "पोहे." बाईंनी ते फळ्यावर लिहिलं. मग उपमा आला, चहा-चपाती आली, एकीनं शिळा भात सांगितला आणि कुणी हसलं नाही. प्रश्न मागे सरकत सरकत शेवटच्या बाकापर्यंत गेला. हिरा उभी राहिली. तिनं ओठ हलवले, आणि त्या वेळी त्यातून आवाज आला.

"नथिंग."

बाई फळ्याकडे वळल्याच नाहीत. त्यांनी पिशवीतून दुसरा डबा काढला, शेवटच्या बाकापर्यंत गेल्या आणि तो हिरासमोर उघडून ठेवला. "ईट," त्या म्हणाल्या. हिरानं वडी उचलली. आमच्या वर्गात इंग्रजीत दिलेल्या उत्तराचा कुणाला काही उपयोग झाला, असं पहिल्यांदाच घडत होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तोच प्रश्न विचारला, तेव्हा निम्म्या वर्गाचं उत्तर 'नथिंग' होतं. मी तर सगळ्यात मोठ्यानं म्हटलं होतं.